रडू पुस्तकातल्याच मुलासाठी का येतं?

«ताई, मी एकोणीस वर्षांची आहे. नाशिकला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते, तिघींच्या खोलीत राहते. बारावीपासून माझं एका मुलावर प्रेम होतं. गेल्या दिवाळीनंतर हायवेवर त्याच्या बाईकला अपघात झाला. मला कळलं ते वर्गातल्या एकाच्या स्टेटसवरून. त्याचा फोटो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आमच्याबद्दल फक्त एका मैत्रिणीला माहीत होतं. घरी सांगणं शक्यच नव्हतं, त्याचं आडनाव ऐकूनच सगळं संपलं असतं. तिसऱ्या दिवशी माझी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल होती, ती मी दिली. दहाव्याला गेले नाही. रडूही आलं नाही. घरचे फोन बघतात म्हणून चॅट मी रोजच्या रोज डिलीट करायचे, त्यामुळे काहीच उरलेलं नाही. फोनपेवर त्यानं पाठवलेले वीस रुपये आहेत, खाली ‘चहा’ लिहिलेलं, तेवढंच.

तेव्हापासून मी फक्त प्रेमाच्या आणि कुणीतरी मरतं अशा इंग्रजी कादंबऱ्या वाचते. बहुतेक पीडीएफ, रात्री दोन-तीनपर्यंत. त्यातल्या मुलांसाठी ढसाढसा रडते. रूममेट म्हणते, असलं सवंग वाचून तू स्वतःला आजारी पाडतेयस. आठ महिने झाले. पुस्तकांत तेवढ्यात मुलगी सावरते, दुसरा मुलगाही येतो. आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एक मुलगा आहे. परवा त्याच्या बोलण्यावर मी मोठ्यानं हसले आणि खोलीवर येऊन मला उलटी झाली. मी त्याला विसरत चाललेय का? त्याच्या आईला जाऊन भेटू का? माझ्या आईला सांगू का? आणि खऱ्या माणसासाठी न आलेलं रडू पुस्तकातल्या मुलासाठी का येतं? (नाव छापू नका.)»

प्रिय मुली,

चार प्रश्न विचारलेस आणि खरा प्रश्न शेवटच्या ओळीत घातलास. मी तिथूनच सुरुवात करते, बाकीच्यांची उत्तरं बरीचशी त्याच्याच पोटात आहेत.

घरात माणूस गेलं की आपल्याकडे दार उघडं राहतं. बाहेर चपलांचा ढीग पडतो. चूल पेटवायची नाही म्हणून शेजारून पिठलं-भाकरी येते. येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडते आणि तोच प्रश्न विचारते, ‘कसं गं झालं एकाएकी?’ मग गेलेल्याची आई किंवा बायको पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगते. दिवसातून वीसदा. बघणाऱ्याला वाटतं, काय हा छळ मांडलाय! पण सांगून सांगूनच ते घडलंय हे तिच्या गळी उतरत असतं. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना की सगळे ताटकळतात, याची वासना कशात अडकली म्हणून तर्क लढवतात, आणि कुणीतरी पुढं होऊन ‘धाकट्याच्या शिक्षणाचं आम्ही बघतो’ असं मोठ्यानं कबूल करतं. या रीतींवर तुझा विश्वास असो वा नसो (माझाही सगळ्यांवर नाही), त्यांत एक मोठी सोय आहे. ज्याचं माणूस गेलं त्याला तेरा दिवस दुसरं काही करायचं नसतं, आणि तो रडला तर का रडतोस असं कुणी विचारत नाही.

तुझ्या वाट्याला यातलं काय आलं? फुलांच्या आयत्या चौकटीत बसवलेला एक फोटो, तोही चोवीस तासांनी पुसला गेला. तिसऱ्या दिवशी तू ब्युरेटचं रीडिंग घेत उभी होतीस आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला पत्ता नव्हता. सरांनी जर्नलवर सही केली असेल, तू ‘थँक यू सर’ म्हणाली असशील. रडलीस कुठं असतीस? होस्टेलच्या बाथरूममध्ये बाहेर रांग लागलेली असते, आणि खोलीत रडलीस तर कारण सांगावं लागलं असतं.

केनेथ डोका नावाचे अमेरिकेतले अभ्यासक आहेत. त्यांनी १९८९ मध्ये अशाच दुःखावर एक पुस्तक संपादित केलं, जे दुःख उघडपणे करायचा हक्कच समाज देत नाही. कुणाला न सांगितलेलं प्रेम, घटस्फोट झालेला नवरा, पोटातच गेलेलं मूल. माणूस गेलेलं असतं, पण ‘तुमचं कोण गेलं?’ या प्रश्नाला चारचौघांत देता येईल असं उत्तर नसतं. तू त्या रांगेत उभी आहेस. आणि आपल्याकडे आडनावांची भिंत मधे असली की ही रांग किती लांब होते, ते मला येणाऱ्या पत्रांवरून कळतं.

कादंबरी तुला ‘तू त्याची कोण?’ असं विचारत नाही. दोनशे पानं त्या मुलाबरोबर काढलीस, एवढ्यावर तिथं रडायचा हक्क मिळतो. म्हणून नोव्हेंबरात प्रॅक्टिकल हॉलमध्ये अडलेलं तिथं सुटतं. पुस्तकातल्या मुलासाठी म्हणून तू रडतेस, पण ते रडू त्याच्याच नावचं आहे. पत्ता तेवढा दुसरा घालावा लागलाय.

हे तुझ्या एकटीचंच होतं असं समजू नकोस. जॉन ग्रीनची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ तू वाचली असणारच, तुझ्या यादीतलं ते ठरलेलं पुस्तक. २०१२ ची कादंबरी, कॅन्सर झालेली दोन मुलं, हेझल आणि ऑगस्टस, एकमेकांच्या प्रेमात. तिच्यावरचा हिंदी सिनेमा ‘दिल बेचारा’ २४ जुलै २०२० ला थेट ओटीटीवर आला. त्याआधी सव्वा महिना त्याचा नायक सुशांतसिंग राजपूत गेला होता. लॉकडाऊन चालू होता. त्या आठवड्यात घराघरांत मुलं सिनेमातल्या जमशेदपूरच्या त्या मॅनीसाठी रडत होती, सुशांतसाठी रडत होती, आणि कितीतरी जणांच्या घरचं माणूस त्या वर्षी निरोप न घेता गेलं होतं, त्याच्यासाठीही रडत होती. यातलं कुठलं कुणासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सांगायची गरजही नव्हती.

तुझ्या रूममेटचा शब्द ‘सवंग’. पोरीला तुझी काळजी वाटते, हे आधी धरून चालू. पण प्रेमात पडलेलं एक माणूस मरतं आणि वाचणारा रडतो, ही गोष्ट तुमच्या मोबाइलनं आणलेली नाही. एरिक सेगलची ‘लव्ह स्टोरी’ १९७० ची. तिच्या पहिल्याच वाक्यात नायिका गेल्याचं सांगून टाकलंय, तरी जग ती वाचत सुटलं. त्याच कथेवर बेतलेला ‘अँखियों के झरोखों से’ १९७८ मध्ये आला. आपला सचिन आणि रंजिता. आमच्या पिढीच्या बायका त्यातली गाणी लागली की अजून हातातलं काम थांबवतात. त्यांच्यापैकी किती जणी तेव्हा दुसऱ्याच कुणासाठी रडत होत्या, हे त्यांच्या नवऱ्यांनी कधी विचारलं नाही, तेही एका अर्थी बरंच झालं.

तेव्हा वाचायचं ते वाच. मात्र ही पुस्तकं रडवतात खरी आणि बाकीच्या बऱ्याच गोष्टी खोट्या सांगतात. तू त्यांचं वेळापत्रक आणि त्यांचं औषध दोन्ही खरं मानून बसलीयस, त्यामुळं तुला त्रास होतोय.

वेळापत्रकाचं बघ. या कादंबऱ्यांत मृत्यू एकतर शेवटाकडे येतो किंवा पहिल्या पानाच्या आधीच होऊन गेलेला असतो. शेवटाकडे आला तर पुढच्या आठ महिन्यांचा प्रश्नच येत नाही, पुस्तक संपतं. आधी झाला असेल तर पहिल्या प्रकरणात मुलगी खोलीचे पडदे लावून बसलेली असते आणि उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत बरी होते. ती बरी होते कारण साडेतीनशे पानांत पुस्तक संपवायचं असतं, संपादक मागे लागलेला असतो. तुझ्यामागे कोण लागलंय? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०२२ मध्ये लांबलेल्या शोकाला आजार म्हणून जागा मिळाली. तिथंसुद्धा मोठ्या माणसाच्या बाबतीत किमान एक वर्ष उलटल्याशिवाय ते नाव लावायचं नाही असं आहे, आणि तेही रोजचं जगणंच अडून बसलं असेल तर. म्हणजे डॉक्टर वर्षभर थांबायला तयार आहेत आणि तू आठव्या महिन्यात स्वतःला नापास करतेयस.

पाच टप्प्यांचंही या पुस्तकांत फार चालतं. नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. पुष्कळदा नायिकेची समुपदेशक ते फळ्यावर लिहून दाखवते. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. ते जाणाऱ्यांचे होते, मागे राहणाऱ्यांना नंतर लावले गेले. मला त्यापेक्षा नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांचं म्हणणं जास्त पटतं. त्यांनी १९९९ मध्ये सांगितलं की दुःखातलं माणूस ये-जा करत राहतं. काही वेळ गेलेल्यापाशी, काही वेळ पुढच्या कामांपाशी. सकाळी फी भरायची, दुपारी एकदम सगळं आठवून जीव घाबरा व्हायचा, रात्री मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक कापायचा. आणि हे असंच चालतं, तसं चालणं हीच सुधारणा. तू त्या मुलाच्या बोलण्यावर हसलीस ती पुढच्या कामांपाशी होतीस. खोलीवर आलीस तेव्हा परत त्याच्यापाशी आलीस. विसरली असतीस तर उलटी कशाला झाली असती?

उलटीवरून आठवलं. रात्री तीनपर्यंत जागरण, सकाळी सातची बस, आणि मेसचं जेवण तू धड जेवत नसणार, हे पत्रात लिहिलं नाहीस तरी मला दिसतं. हिमोग्लोबिन तपासून घे. सगळीच मळमळ मनाची नसते.

आता या कादंबऱ्यांत काय नसतं ते बघ. अपघातात गेलेल्या मुलाच्या पुस्तकात पंचनामा नसतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर पोस्टमॉर्टेमसाठी बापाला थांबावं लागत नाही, विम्याच्या दाव्यासाठी पोलीस ठाण्याच्या खेपा नसतात. आजारी नायिकेचं बिल कुणी भरलं ते कळत नाही. खोकते तेसुद्धा सुंदर. हे दोष मी माफ करते, कथेला इतकं सगळं झेपत नाही. मला जास्त राग येतो तो त्या पत्राचा. या पुस्तकांत शेवटी एक पत्र सापडतंच! वहीच्या मागच्या पानावर, मेलच्या ड्राफ्टमध्ये, नाहीतर तिऱ्हाईत माणसाकडे ठेवलेलं. गेलेल्यानं त्यात सगळं लिहून ठेवलेलं असतं, माझं तुझ्यावर किती प्रेम होतं, तू पुढं जा, वगैरे. ग्रीनसारखा चांगला लेखकही त्याच्या मोहातून सुटला नाही, ऑगस्टसचं लिहिणं हेझलपर्यंत पोचतंच. तुझ्या डोक्यात त्याच्या आईला भेटायचं येतंय, त्यात या पत्राची आशा किती आहे, ते तुझं तूच बघ. एकोणीस वर्षांचा मुलगा बाईकवर बसताना निरोपाचं पत्र लिहून ठेवत नाही. त्याचा शेवटचा मेसेज बहुधा ‘जर्नल झालं का’ असाच असणार.

आणि ते पुरेसं आहे. वीस रुपये आणि ‘चहा’ हे कुठल्याही कादंबरीतल्या पत्रापेक्षा खरं आहे, कारण तू वाचशील म्हणून त्यानं ते सजवलेलं नाही. त्याचा स्क्रीनशॉट काढ आणि स्वतःलाच मेल कर. फोन बदलला, सिम बदललं की असल्या नोंदी पुन्हा मिळतील याचा भरवसा नाही. चॅट पुसल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. घरचे फोन बघतात त्या घरात राहून तू दोन वर्षं प्रेम निभावलंस, त्याची ती किंमत होती.

ग्रीनच्याच पुस्तकातली एक गोष्ट मात्र उचल. ऑगस्टस जिवंत असतानाच स्वतःच्या शोकसभेची तालीम करवतो आणि हेझलनं त्याच्यासाठी लिहिलेलं तेव्हाच ऐकून घेतो. पुढं खऱ्या अंत्यविधीला ती ते वाचत नाही. घरच्यांना बरं वाटेल असं, वेगळंच काहीतरी बोलते. जगासमोर बोलायचं वेगळं आणि तिच्या-त्याच्यातलं वेगळं, हे तिला त्या वयात कळलेलं असतं. तुझ्याकडे जगासमोर बोलायचा भाग नाहीच. म्हणून दुसरा भाग तरी लिही. साध्या मराठीत, त्याच्याशी बोलायचीस तसं. त्या दिवशी प्रॅक्टिकलला कुठला प्रयोग आला होता इथपासून सुरू केलंस तरी चालेल. लिहून झाल्यावर ठेवायचं, फाडायचं की गोदावरीत सोडायचं, हे नंतर ठरव. (सोडायचं नको खरं तर, गोदावरीत आधीच पुष्कळ सोडलेलं आहे.)

बॅचमधल्या मुलाकडे येते. पुस्तकांत दुसरा मुलगा औषधासारखा येतो. त्याला स्वतःचं काही नसतं, समंजसपणे वाट बघणं एवढंच त्याचं काम. तुझ्या बॅचमधल्या मुलाला त्याच्या एटीकेटी असतील, त्याची आई असेल, तोही कुणासाठी झुरत असेल. तुला बरं करायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नकोस, आणि आपण बरं झालो की नाही याची चाचणीही त्याच्यावर घेऊ नकोस. त्याचं बोलणं विनोदी असेल तर हस. हसण्यानं कुणाचा विश्वासघात होत नाही. चहाला जायचं असेल तर जा. कधी मामला चहाच्या पुढं सरकतोय असं वाटलं, तर त्याआधी त्याला एवढं सांग की माझं एक माणूस गेलंय आणि मी अजून त्यात आहे. तेवढं कळायचा त्याचा हक्क आहे. बाकी तपशील तुझा.

हसल्यावर तुला वाटली त्या लाजेबद्दल एकच कादंबरी सुचवते, तुझ्या यादीत नसेल तर. जँडी नेल्सनची ‘द स्काय इज एव्हरीव्हेअर’, २०१० ची. सतरा वर्षांच्या लेनीची बहीण अचानक जाते, आणि शोकाच्या ऐन भरात लेनीला आयुष्यात पहिल्यांदा मुलं आवडायला लागतात. एक नवा मुलगा, आणि भयंकर गोष्ट म्हणजे बहिणीचाच प्रियकर. तिला स्वतःची किळस येते. माणूस गेल्यावर शरीर असं भलत्या वेळी जागं होतं, हे आपल्याकडे कुणी मुलीला सांगत नाही, सांगणार तरी कसं. या लेखिकेनं ते न लाजता लिहिलंय. लेनी मनातलं कागदाच्या कपांवर, चिठोऱ्यांवर लिहिते आणि गावभर टाकून देते. तू मात्र वहीतच लिही, तुमच्याकडे चिठोरे सापडले तर भलतं होईल.

याच जातीच्या काही पुस्तकांपासून मात्र सध्या लांब राहा. मेलेली मुलगी कॅसेटींतून बोलतेय आणि जिवंतपणी ज्यांनी ऐकलं नाही ते सगळे आता कान देऊन ऐकतायत, किंवा प्रियकरामागोमाग जाणं म्हणजेच प्रेम, असं सांगणारी पुस्तकं दुःखातल्या माणसाला वाटेतून ढकलतात. तुझ्या पत्रात तसं काही नाही, मी दोनदा वाचलं. तरी विचारते, आपणही त्याच्याकडे जावं असं कधी मनात येतं का? आलं, एकदा जरी आलं, तरी त्या रात्री पुस्तक मिटून १४४१६ हा नंबर लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नाव सांगावं लागलंच तर कुठलंही सांग. तुमच्या कॉलेजात समुपदेशक असेल तर तिच्याकडेही जा. रडू येत नाही एवढंच सांगायला गेलीस तरी चालतं.

आता दोन्ही आया. आधी तुझी. मी ‘आईला सगळं सांग, आई समजून घेते’ असं लिहिणार नाही. काही आया घेतात, काही घेत नाहीत, आणि काही घरांत आईनं समजून घेतलं तरी बाप आणि काका घेत नाहीत, मग पोरीचं शिक्षण थांबतं. त्या घराची हवा तुला माहीत आहे, मला नाही. तू अजून घरच्या पैशांवर शिकतेयस हेही विसरून चालणार नाही. पण सगळं किंवा काहीच नाही, असं कुठं आहे? ‘माझ्या वर्गातला एक मुलगा गेला गं अपघातात, फार चांगला होता, मला अजून झोप लागत नाही’ यात एक अक्षर खोटं नाही. एवढं सांगून बघ. आई तुला जवळ घेते की ‘कोण होता तो, कुणाचा?’ असं विचारते, त्यावरून पुढचं सांगायचं की नाही ते तुला कळेल. आणि नुसतं जवळ घेतलं तरी आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तुला या दुःखासाठी जवळ घेतलेलं असेल.

तिच्याही आधी ती मैत्रीण. जगात एकाच मुलीला हे माहीत आहे, आणि पत्रात तिच्याबद्दल एक ओळ लिहून तू पुढं गेलीस. तीही गप्प असेल, विषय काढला तर तुला त्रास होईल म्हणून. तूच काढ. तिला एवढंच सांग की मला त्याच्याबद्दल बोलायचंय, तू फक्त ऐक. ‘कसं गं झालं’ हे तिलाच वीसदा सांग.

त्याच्या आईकडे जायचं असेल तर याच मैत्रिणीला घेऊन जा, वर्गातल्या मुली म्हणून. आणखी दोघं-तिघं आली तर उत्तम. आम्ही प्रेमात होतो, हे त्या बाईच्या ओटीत टाकायला जाऊ नकोस. तिचं पोर गेलंय, त्यात तुझं ओझं तिनं सांभाळावं अशी अपेक्षा करू नये. तिला माहीत असेल तर ती तुझ्या तोंडाकडे बघून ओळखेल, तेव्हा काय बोलायचं ते तिच्यावर सोड. तू तिला ठाऊक नसलेलं काहीतरी घेऊन जा. तो वर्गात कुणाची नक्कल करायचा, गणित कुणाला समजावून सांगायचा, चहाचे पैसे कसे हिशेबानं परत करायचा. वर्ष भरत आलं की घरी येणाऱ्यांची वर्दळ आटते आणि आईला तर तेव्हाच कुणीतरी त्याचं नाव घ्यावं असं वाटत असतं. मात्र दोन्ही घरांत काही कुजबुज आहे, असं मैत्रीण म्हणाली तर जाऊ नकोस. इथं तिचं ऐक.

वाचनाचं तेवढं बोलून थांबते. रात्री बारानंतर पुस्तक नको. मोबाइलवर तर नकोच. अंथरुणात एकटीनं पीडीएफ वाचत रडायचं आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी ‘अ‍ॅलर्जी आहे’ म्हणायचं, हे पुन्हा लपवणंच झालं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, सगळे ‘सावाना’ म्हणतात. तिथली सभासद हो. वर्गणी आणि कागदपत्रं काय लागतात ते तिथंच विचार. दिवसाउजेडी उठून, केस विंचरून, चार माणसांत जाऊन पुस्तक बदलून आणायचं, यासाठी मी तुला तिथं पाठवतेय.

पहिलं पुस्तक वि. स. खांडेकरांचं ‘अमृतवेल’ घे. नंदाचं लग्न ठरलेलं असतं आणि शेखर जातो, तुझ्यासारखीच ती कोसळते. खांडेकरांची भाषा तुमच्या पिढीला जड वाटेल, एका वाक्यात दोन-दोन उपमा असतात, त्या खुशाल ओलांडून पुढं जा. पण नंदाच्या वडिलांनी तिला लिहिलेलं पत्र आहे त्यात, ते सावकाश वाच. गेलेल्यानं ठेवलेलं पत्र नव्हे, मागे उरलेल्या बापानं उरलेल्या मुलीला लिहिलेलं. तुझ्या घरातून तसं पत्र इतक्यात येणार नाही, म्हणून ते तिथून घे. नेमाड्यांचं ‘कोसला’ इतक्यात नको. पांडुरंगची धाकटी बहीण जाते ती पानं मराठीत मृत्यूवर लिहिलेल्या सर्वांत उत्तम पानांपैकी आहेत, पण त्यांत सांत्वन औषधालाही नाही. ते हिवाळ्यात वाच, वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर, मैत्रीण जवळ असेल तेव्हा.

‘अमृतवेल’ बाहेर गेलेलं असलं तर नाव लावून ये. वाचून झाल्यावर नंदाचं काय पटलं नाही ते मला कळव. नाव घालायची गरज नाही, फोनपेवरचा ‘चहा’ लिहिलास की मी ओळखेन.